विंचरलेला बांध

लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले त्या वर्षी भादव्यात मी आमच्या वावराचा बांध विंचरला. विंचरला हाच शब्द बरोबर. केसांतली गुंत काढावी तसं एकेक झुडूप मुळासकट उपटून मी तो बांध असा गुळगुळीत केला की त्यावरून मुंगी घसरली असती. पुढं हस्त लागला, पाऊस आला, आणि बांधाला धरून ठेवणारं तिथं काहीच उरलं नव्हतं. बांध गेला. बांधाच्या आडोशाला वर्षानुवर्षं साठवलेली माती गेली. हा मूर्खपणा माझा एकटीचा. त्यात कुणाचा वाटा नाही, आणि कुणी मागायलाही आलं नाही.

आता एवढं वय झालंय की तेव्हा मी होते त्या पोरीबद्दल मी शेजारच्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलू शकते. नुकती मॅट्रिक झालेली, वेणी सोडून अंबाडा घालायला शिकलेली, कळंबची. कळंब पुणे-नाशिक रस्त्यावर. दिवसभर एसट्या जाताना दिसायच्या, म्हणून तिला वाटायचं आपण जग पाहिलंय. खरं तर तिनं एसट्याच पाहिल्या होत्या.

दरवर्षी हस्ताच्या तोंडावर ती पोरगी मला भेटायला येते. दुपारी ऊन असं चावरं पडतं, ओल्या मातीला कुबट वास सुटतो, बाजरीच्या कणसांवर चिमण्यांचा गोंगाट चालतो, आणि मी बांधावर जाऊन बसले की ती शेजारी येऊन बसते. अजून तशीच आहे. पदर खोचलेला, हातात खुरपं, आणि चेहऱ्यावर आपण फार मोठं काम करतोय असा भाव. मी तिला म्हणते, बाई, खुरपं खाली ठेव. ती ऐकत नाही. तेव्हाही ऐकत नव्हती.

तिचंही एक म्हणणं होतं, तेवढं सांगायला हवं. कळंबला आमची जमीन थोडीच, पण काळी, सपाट. तिथं बांध म्हणजे दोन वावरांमधली पाऊलभर रेघ. तो तासून चकचकीत ठेवला की बाई कामाची, आणि बांधावर गवत दिसलं की बाई लोळणारी. तिकडं बायका एकमेकींची घरं बघायच्या आधी बांध बघायच्या. दसऱ्याला माझे वडील मला न्यायला येणार होते. एसटीतून उतरून टेकाडावरनं येताना त्यांना लांबून आमचं वावर दिसावं, आणि आपल्या लेकीनं सासर कसं लखलखीत ठेवलंय हे त्यांच्या डोळ्यांत भरावं, एवढीच त्या पोरीची इच्छा. त्यासाठी तिनं अख्खा बांध बोडका केला आणि संध्याकाळी हाताला फोड दाखवत घरभर मिरवली.

सासरची जमीन मात्र सपाट नव्हती, काळी तर अजिबात नव्हती. गावाच्या कडेचा उताराचा माळ. पाणी जिथं थांबत नाही आणि नांगर जिथं चालत नाही, अशीच जमीन तेव्हा आमच्या लोकांच्या वाट्याला यायची. खाली नुसता मुरूम. सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्यानंतरच्या उन्हाळ्यांत त्यांनी आणि सासूबाईंनी ओढ्यातला गाळ पाटीपाटीनं डोक्यावर वाहून त्या मुरमावर पसरला. म्हणजे आमच्या वावरातली माती आयती नव्हती, ती केलेली होती, भाकरी करावी तशी हातानं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्यांच्या टाळूवर चुंबळीच्या जागी केस कायमचे विरळ झाले होते. त्या तिथं बोट ठेवून म्हणायच्या, "ह्यो आमचा सातबारा."

आणि ती सगळी केलेली माती अडवून धरली होती एका रानटी झुडपानं. तिचं नाव उन्हाळी.

पुस्तकात तिला शरपुंखा म्हणतात. आमच्याकडं कुणी तिला त्या नावानं हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघायची नाही. गुडघ्याएवढं झुडूप, चिंचेच्या पाल्यासारखी ओळीनं बसलेली पानं, श्रावणात जांभळट गुलाबी फुलं, मग चपट्या, जरा वाकड्या शेंगा. ओळखायची खूण सोपी. एक पान दोन्ही बाजूंनी धरून हलकं ओढायचं. सरळ फाटत नाही, बाणाच्या टोकासारखं तुटतं. नातवंडांना हे दाखवलं की ती तासभर पानं तोडत बसतात आणि मला तासभर निवांत मिळतो. मुरूम, खडी, रस्त्याची कड, माळ, जिथं दुसरं कुणी राहायला तयार होत नाही तिथं ही सुखानं नांदते. चैत्रात सगळं पिवळं पडतं तेव्हा हिचा हिरवा रंग तेवढा बाकी असतो. कोवळी असताना शेळ्या खातात, जून झाली की त्याच शेळ्या नाक मुरडतात. मुळाचं दातवण चांगलं होतं. आत्या त्याच दातवणानं दात घासायच्या, आणि त्यांचे दात शेवटपर्यंत सुपारी फोडत होते. माझे बघा, निम्मे पेल्यात असतात. पोटात मुरडा आला की आत्या मूळ उगाळून द्यायच्या. गुण यायचा की त्या कडूपणाच्या भीतीनं पोट गप्प बसायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण तिची खरी करामत जमिनीखाली. वर हातभर तर खाली त्याच्या दुप्पट. मूळ खडकाच्या फटीत बोट घालावं तसं मुरमात शिरतं, आणि त्याच्या तंतूंवर खसखशीसारख्या बारीक गाठी असतात. त्या गाठी जमिनीला खाऊ घालतात, हे मला फार उशिरा कळलं. उपटताना मला त्या दिसल्या होत्या. मला वाटलं झाडाला कीड लागलीय. म्हणजे आपण बांधावर आणखी एक उपकार करतोय, असं समजून मी दुप्पट जोरानं उपटलं.

परवा आमच्या मिलिंदनं, म्हणजे माझ्या मुलानं, तणनाशकाचा पंप बाहेर काढला. मी ओसरीवर घेवडा मोडत बसले होते.

"आई, पंपाचा नोझल पाहिला का? हितंच ठेवला व्हता."

"बिबट्यानं नेला असंल."

"चेष्टा नको. बांधावर लई रान माजलंय. पोरं शाळेतनं त्याच वाटेनं येत्यात. बिबट्या दबा धरून बसंल."

"गुडघ्याएवढ्या झाडात लपायला ते काय मांजर हाय? त्याला लपायचं तर तुझा ऊस हाय की. आधी त्यो तोड."

उसाचं नाव निघताच मिलिंद पुन्हा नोझलकडं वळला. पंप उलटा करून बघितला, ट्रॅक्टरच्या पेटीत बघितलं, बायकोला विचारलं. नोझल माझ्या नाचणीच्या डब्यात आहे. हस्त संपला की सापडेल. मी शोधायलाही मदत करीन.

त्याला मी सगळं समजावून सांगू शकले असते. पण समजावून सांगितलेलं पोरं ऐकतात कुठं? मीही ऐकलं नसतं. शिवाय सांगायला बसलं की ती खुरपंवाली पोरगी मध्येच उठून उभी राहते, आणि तिच्यासमोर शहाणपण शिकवायची मला लाज वाटते.

त्या वर्षीचा हस्ताचा पाऊस संध्याकाळी आला. दिवसभर कोंडून ठेवलेलं. गुरं दावणीला अस्वस्थ, हवेला तापल्या तव्यासारखा वास. आम्ही दोघी सासवा-सुना ओसरीवर बसून मटकी निवडत होतो. आधी पत्र्यावर थेंब वाजले, मग थेंब वेगळे ऐकू येईनात. थोड्या वेळानं वावराकडून एक आवाज आला. भरलेलं पोतं कुणीतरी जमिनीवरून ओढत नेल्यासारखा. आत्यांचा हात सुपातच थांबला. त्यांना कळलं होतं. मला वाटलं, कुणाचं तरी पोतं असेल.

सकाळी बघितलं तर बांधाला मधोमध खिंडार. वरच्या अंगाची माती गेलेली आणि खालचा मुरूम खरवडलेल्या कढईच्या बुडासारखा उघडा. कणसं धरलेली बाजरी मुळं वर करून आडवी. आणि आमची माती खाली शेजारच्या तात्यांच्या वावराच्या कोपऱ्यात जाऊन, साय धरल्यासारखी, गुळगुळीत बसली होती.

दसऱ्याला वडील आले. एसटीपासून घरापर्यंत मी त्यांना सांगत आले, की दादा, मी अख्खा बांध एकटीनं साफ केला. पुढचं सांगायचा धीर होत नव्हता. टेकाडावर येऊन ते थांबले, कपाळावर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "साफ केलास ते दिसतंय. पण बांध कुठाय?"

त्या दिवशी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला बसले, तरी डोळ्यांपुढं मुरूमच. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली. मनात पक्कं होतं, की आता हे लोक आपल्याला परत बोलावत नाहीत. आत्या त्या पावसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत बाजरीचं थोडं पीठ घातलं आणि म्हणाल्या, "माती गेली. आता तू बी ऱ्हाऊ नको तिकडं. लवकर ये. बांध कुणी घालायचा?"

म्हणून मी परत आले आणि आल्या आल्या दुसरा मूर्खपणा केला. सरळ तात्यांच्या वावरात गेले.

तात्या म्हणजे आमच्या खालच्या अंगाचे जमीनवाले. जुनं घर, विहीर, विहिरीवर इंजिन. माझे सासरे त्यांच्याकडं काही काम असलं तर बांधावर उभे राहून हाक मारायचे आणि तिकडून 'या' म्हणेपर्यंत पाऊल टाकायचे नाहीत. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या मॅट्रिक झालेल्या पोरीनं मानलं असतं असं वाटत नाही, आणि एवढ्या एका बाबतीत मी अजून तिच्या बाजूची आहे. ती पाटी घेऊन वावराच्या मधोमध गेली आणि म्हणाली, "तात्या, तुमच्या वावरात आमची माती आलीय. न्यायला आले."

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "पाण्यानं आणली ना? मग पाण्यालाच मागा. मी काय तिला बोलवाया गेलो व्हतो?"

त्या दिवसापासून ते मला मॅट्रिक म्हणायला लागले. वाटेत दिसले की, "काय मॅट्रिक, बांध विंचरला का आज?" त्यांचा गडी हसायचा. मी घरी येऊन भाकऱ्या थापायचे आणि त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच पातळ व्हायच्या.

सुगी आटोपल्यावर सासऱ्यांनी आणि आमच्या ह्यांनी दगड रचून बांध पुन्हा उभा केला. पण नुसत्या दगडांचा बांध म्हणजे नुसत्या हाडांचा माणूस. आत्या म्हणाल्या, "उन्हाळी पाहिजे ह्याच्यावर." मी विचारलं, ती पेरायची कशी? आत्या बघतच राहिल्या. "ती कुणी पेरतं व्हय? ती आपली आपण येती. आमी तर आजवर तिला शिव्याच घातल्या." म्हणजे आत्यांनाही माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. सगळ्या गावानं जिला खुरपून काढलं, तिला लावायचं कसं हे कोण शिकून ठेवणार?

पौषात मी माळावरून वाळलेल्या शेंगा गोळा केल्या. दुपारच्या उन्हात त्या चटचट तडकतात, दोन्ही पाखं पिळवटतात आणि बी उडतं. मी एकेक बी पदरात टिपलं. भुरकट, ठिपक्याठिपक्यांचं, मोहरीहून थोडं मोठं, दाताखाली खड्यासारखं कडक. फडक्यात बांधून ते उतरंडीत जपलं, मृगावर नव्या बांधावर ओळीनं पेरलं, आणि रोज सकाळी जाऊन वाकून बघायला लागले. वाटेवरच्या बायकांना फुकटची करमणूक. "आगं बया, आमी तण काढून मरतोय आन ही तण पेरती." एक कोंबसुद्धा आला नाही. गवत आलं, टाकळा आला, ज्यांना बोलावलं नव्हतं ते सगळे आले. उन्हाळी नाही.

आषाढातल्या एका सकाळी खालून तात्यांची हाक आली.

"मॅट्रिक, तुमचं लेंढार आलंय आमच्या वावरात. न्या उचलून."

धावत गेले. त्यांच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं आमची माती जाऊन बसली होती, तिथं उन्हाळीची रोपंच रोपं. बोटबोटभर, कोवळी, ओळीनं पानं मिरवणारी. मी एक पान ओढून बघितलं. बाणासारखं तुटलं. मी खाली बसले आणि हसायलाच लागले.

मग उमगलं. माझं बी मी पदरात टिपलं, फडक्यात गुंडाळलं, अलगद पेरलं. त्याचं कवच तसंच्या तसं राहिलं, पाणी आत शिरलंच नाही. आणि बांधावर वर्षानुवर्षं सांडलेलं ते बी त्या संध्याकाळी मुरमातून फरफटत, दगडांवर आपटत, खरवडत गेलं, म्हणून त्याच्यात पाणी शिरलं. यातून काहीतरी मोठा बोध काढावा, असं त्या पोरीला तेव्हा फार वाटलं होतं. मी काढत नाही. मी पाटा घेते. पाट्यावर मूठभर बी, मूठभर खरखरीत मुरूम, आणि वरवंटा असा हलका फिरवायचा की बी भरडू नये, फक्त त्याची चकाकी जावी. मग कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी जे फुगलंय ते पेरायचं, जे फुगलं नाही त्याला पुन्हा पाटा दाखवायचा. बांधाच्या उतरत्या अंगाला, पाऊस नीट बसल्यावर. पहिलं वर्ष हात लावायचा नाही. पुढं विळ्यानं वरून छाटायची, उपटायची कधीच नाही. छाटलेलं कांद्याच्या वाफ्यात गाडलं की कांदा कसा धरतो ते आमच्या कांद्याच्या चाळीत येऊन बघावं. परवा डिंगोऱ्याहून एक पावणं बी मागायला आले. विचारतात, "आजी, बियाणं कोणत्या कंपनीचं?" मी म्हटलं, राव, ही कंपनी तुमच्याच बांधावर होती. तुमी फवारून बंद पाडली.

पण त्या आषाढात माझ्या डोक्यात बियाणं नव्हतं. माती होती. तात्यांनी रोपं न्यायला सांगितली होती, आणि रोप काही हवेत उपटून नेता येत नाही. उन्हाळीचं मूळ लांब असतं, खोल खणावं लागतं, मुळाभोवती ओली माती ठेवावी लागते. किती ठेवावी, हे कुठं लिहिलेलं नाही. मी बोटभर रोपाला पाटीभर माती ठेवली. खालून मी भरून आणायचे, वरून आत्या उतरवून घ्यायच्या. पहिल्या पाटीला त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, आणि त्या पावसानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "लई नाजूक रोप हाय बाई," म्हणाल्या, "एवढ्याशा मातीत जगंल का? आणखी घे."

पाऊस भुरभुर चालू. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतायचे, पाटीतलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. आत्यांची चुंबळ माझ्या डोक्यावर होती. एक रोप, एक पाटी. तो कोपरा हळूहळू खाली बसत गेला आणि आमचा मुरूम हळूहळू झाकत गेला. त्या कोपऱ्यात तात्यांनी बाजरी पेरली नव्हती. पुढं तिथं कांदा करायचा त्यांचा विचार होता, अशी चांगली माती आयती कुणाला मिळते? ते रोज विहिरीवर जाताना बघायचे. मी रोज पाटीच्या टोकावर रोप दिसेल असं ठेवायचे. त्यांनी काही विचारलं तर सांगायचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. सोटमूळ, तंतुमूळ, शाळेत शिकलेलं सगळं.

मग रोपं संपली. माती संपली नव्हती.

मोठ्या माणसानं तिथं थांबावं. ती पोरगी थांबली नाही. शेवटचं उरलेलं एक रोप तिनं पाटीतल्या मातीच्या ढिगावर खोचलं, वर नेऊन पाटी रिकामी केली, रोप तेवढं काढून घेतलं आणि पुन्हा खाली येऊन दुसऱ्या ढिगावर खोचलं. दुपारपर्यंत त्या बिचाऱ्या रोपानं मान टाकली. तिला ते दिसलं नाही. ती पाटी डोक्यावर घेऊन वळली, तर समोर तात्या. इरलं पांघरलेले, हातात छडी. छडीनं त्यांनी पाटी खाली ठेवायची खूण केली. वर बांधावर आत्या उभ्या होत्या त्या तशाच थांबल्या. तात्यांनी वाकून ते सुकलेलं रोप दोन बोटांत धरून उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्या हातात ठेवलं. सोटमूळ, तंतुमूळ सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तेच बोलले, आणि त्यांनी मला त्या दिवशी मॅट्रिक म्हटलं नाही.

"सूनबाई, ह्ये एकच रोप सकाळधरनं वर-खाली येरझाऱ्या घालतंय, दमलं असंल बिचारं. त्याला लावून टाका आता. आन माती न्यायची तर उघड न्या. तुमचीच हाय ती."